रसायनशास्त्र की रासायनिक अभियांत्रिकी?



बारावीचा निकाल लागला की मुरुम-उमरगा भागातील पालक भेटतात. "मुलीला केमिस्ट्रीत चांगले गुण आहेत, केमिकल इंजिनिअरिंगला घालावी का?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. दोन्ही विषय एकच समजून फीसाठी कर्ज काढले, तर पुढे पस्तावण्याची पाळी येते. म्हणून हा फरक आपल्या उसावरूनच समजून घेऊ.

उसाचा ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो. असा रस तापविला की त्यातील साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात आणि दाणा नीट धरत नाही. गुऱ्हाळात चुन्याची निवळी टाकतात ती आम्लता कमी करण्यासाठी व मळी वर येण्यासाठी. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळावा, असे आम्ही वारंवार सांगतो, त्यामागेही साखरेचे हेच विघटन आहे. ते का होते, किती सामूला व किती तापमानाला वाढते, हे शोधणे रसायनशास्त्राचे काम होय.

आता कारखान्यात या. तेथे रोज हजारो टन ऊस गाळला जातो. गुऱ्हाळाची काहील मोठी करून भागेल काय? भांडे लांबी, रुंदी, खोली अशा तिन्ही बाजूंनी दुप्पट केले तर रस आठपट मावतो, पण आच लागणारा पृष्ठभाग चौपटच वाढतो. शिवाय इंधनाचा खर्च वेगळाच. ही अडचण नॉर्बर्ट रिलियू या अमेरिकन अभियंत्याने सोडविली. १८४३ साली त्याने पेटंट घेतलेल्या संचात एका भांड्यातील रसाची वाफ पुढच्या भांड्यातील रस उकळविते, कारण पुढे दाब कमी ठेवलेला असतो. चार भांड्यांच्या संचात एक किलो वाफेवर सुमारे चार किलो पाणी उडते. म्हणूनच कारखान्याला आपले चिपाड इंधन म्हणून पुरते. भांडी, पंप, नळ, उष्णता आणि खर्च यांचा असा मेळ घालणे म्हणजे रासायनिक अभियांत्रिकी.

युरियाचेही तसेच. हवेतील नत्रापासून अमोनिया करण्याची रीत हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखविली. पण कारखाना उभा राहायला १९१३ साल उजाडले. तप्त हायड्रोजनने पोलाद ठिसूळ होऊन नळ्या फुटत. त्यावर उपाय बॉश यांनी काढला.

नावांवरून मात्र फसू नका. साखर कारखान्यात रस ते साखर ही सारी प्रक्रिया चीफ केमिस्ट सांभाळतात, तर चीफ इंजिनिअर बहुधा यंत्र शाखेचे असतात!

माझे मत विचाराल तर गुणपत्रिकेत रसायनशास्त्राआधी गणित व भौतिकशास्त्राचे गुण पाहा. रासायनिक अभियांत्रिकीत हेच दोन विषय अधिक लागतात. प्रयोगात मन रमत असेल तर बी.एस्सी., एम.एस्सी. करून माती परीक्षण, औषधनिर्मिती, गुणनियंत्रण, अध्यापन अशी कामे मिळू शकतात. खर्चही सहसा कमी येतो. अभियांत्रिकीच्या सीईटीत गणिताचा पेपर असतो. तेव्हा अकरावीचा अर्ज भरतानाच गणित ठेवायचे की सोडायचे, हे मुलांशी बोलून ठरवावे.