झाडपाल्याची परीक्षा

हिंवताप आला कीं खेड्यांत कोणी ना कोणी झाडपाला सुचवितो, आणि ताप उतरला म्हणजे औषध खरें ठरतें. परंतु हा ताप पाळीनें येणारा. मधल्या दिवशीं तो आपोआपच उतरतो. मग गुण औषधाचा कीं पाळीचा? हें कसें ओळखितात तें दाखविणारी चीन देशांतील एक हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

इ. स. १९६९ मध्यें बीजिंग येथील तू यूयू या विदुषीकडे हिंवतापावर औषध शोधण्याचें काम आलें. जुने ग्रंथ चाळून व वृद्ध वैद्यांस विचारून त्यांनीं २,००० वर उपाय जमविले आणि सुमारें २०० वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर तपासले. उंदरांच्या रक्तांत हिंवतापाचे जंतु घालीत. ते तांबड्या पेशींत शिरून वाढतात. कांहीं उंदरांस अर्क देत, कांहींस देत नसत. मग दोहोंचें रक्त सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहून जंतु मोजीत. अर्क न दिलेले उंदीर हेच आमच्या मतें या परीक्षेचें मर्म होय. ते नसते, तर तीहि आपल्या गांवगप्पांसारखीच झाली असती.

चिंगहाव नांवाच्या वनस्पतीनें प्रथम जंतूंची वाढ शेंकडा ६८ नें रोखली. पण पुन्हां पाहतां तो आंकडा १२ ते ४० वर आला. दुसऱ्या कोणी ती टाकूनच दिली असती. बाईंनीं मात्र जुनी पोथी पुन्हां उघडली. चौथ्या शतकांतील एका वैद्यानें चिंगहाव पाण्यांत भिजवून रस पिळावयास सांगितलें होतें, काढा करावयास नव्हे! तेव्हां उष्णतेनेंच गुण जात असावा, असें त्यांस वाटलें. म्हणून त्यांनीं, सुमारें ३५ अंशांवरच उकळणाऱ्या ईथरमध्यें अर्क काढिला व त्यांतील आम्ल भाग वेगळा केला. ता. ४ आक्टोबर १९७१ रोजीं १९१ क्रमांकाच्या अर्कानें उंदरांच्या रक्तांतील जंतु पूर्णपणें नाहींसे केले. पुढें माकडांवरहि तोच अनुभव आला. याच शोधाबद्दल २०१५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

चिंगहाव ही आपल्या दवण्याच्या गोत्रांतील आहे. पण गोत्र एक म्हणून गुण एक असें नव्हे. दवण्यावर विसंबून कोणी रक्त तपासावयाचें टाळूं नये.

उंदीर बरा झाला म्हणजे मनुष्य बरा होईलच, असेंहि नाहीं. म्हणून १९७२ च्या जुलैंत बाईंनीं व त्यांच्या सोबत्यांनीं तो अर्क प्रथम स्वतः घेतला, आणि मगच रोग्यांस दिला.