काचेच्या आत काय आहे?

"गेमिंग पीसी" हे शब्द घरात पहिल्यांदा निघाले की आपल्यापैकी बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. "आधी दहावी होऊ दे, मग बघू." नाहीतर, "ऐंशी हजार? पैसे झाडाला लागतात का?" वेळही तशीच असते. लोकलच्या गर्दीतून नुकतेच घरी आलेलो असतो, कुकर लावायचा असतो, उद्याचा डबा डोक्यात असतो, आणि मूल मोबाइल पुढे करून कसलीशी यादी दाखवत असतं. आपण ती यादी वाचत नाही. खालचा आकडा तेवढा वाचतो.

ती यादी मात्र त्याने कितीतरी दिवस बसून केलेली असते. कुठला प्रोसेसर, कुठलं ग्राफिक्स कार्ड, त्यातलं काय काढून टाकलं तर आई-बाबा हो म्हणतील. आपली ऐपत मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार लवकर कळलेली असते. मागताना त्यांच्या पोटात गोळा आलेला असतो. म्हणून तर ती चिडून मागतात, किंवा नेमका पाहुण्यांसमोर विषय काढतात.

आणि ते मागणं नुसत्या हौसेपोटीही नसतं. मित्र हल्ली बिल्डिंगखाली कमी आणि डिस्कॉर्डवर जास्त भेटतात. रात्री जेवणं झाली की सगळे मिळून व्हॅलोरंट खेळतात. आपल्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर चित्र अडकत अडकत येतं, ऐन वेळी थिजतं, आणि "तुझ्यामुळे हरलो" हे त्याला ऐकून घ्यावं लागतं. मग हळूहळू त्याला बोलावणंच बंद होतं. आपल्याला दिसतं ते एवढंच, की पोरगं अलीकडे फार चिडचिड करतं.

मग कधीतरी आपलंच मन विरघळतं. वाढदिवस येतो, दसरा येतो. जाहिरात दिसते: "आय७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, आरजीबी लाइट, फक्त वीस हजार." त्याची यादी ऐंशी हजारांची आणि इथे आय७ वीस हजारांत! वाटतं, त्याला न सांगताच आणू. केवढा खूश होईल.

आमच्या ओळखीच्या एका घरात असंच झालं. खोकं उघडलं, रंगीत दिवे लागले, आजी-आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मुलाने सेटिंगमध्ये जाऊन एक नजर टाकली. जीटी ७३०, म्हणजे २०१४ साली आलेलं साधं कार्ड. त्याला खेळायच्या होत्या त्यातल्या एकाही गेमला ते पुरणार नव्हतं. तो वळला, हसला आणि म्हणाला, "मस्त आहे, बाबा." हे मला सांगताना त्याच्या आईला पैशांचं फारसं काही वाटत नव्हतं. तेरा वर्षांच्या पोराला आपलं मन राखण्यासाठी तसं हसावं लागलं, हे तिला लागलं होतं.

म्हणून पहिलं सांगणं हेच, की ही सरप्राइज द्यायची वस्तू नाही. मुलाला बरोबर घेऊनच घेऊ या. आपल्याला यातलं कळत नाही हे त्याच्यासमोर कबूल करायला हरकत नाही. उलट त्याला बरंच वाटतं.

त्या वीस हजारांच्या जाहिरातीत खोटं काहीच नसतं, हीच अडचण आहे. आय७ हे घराण्याचं नाव. खरी ओळख त्यापुढच्या आकड्यात. आय७-३७७० हा २०१२ सालचा प्रोसेसर. २०२२ साली आलेला आय३-१२१००एफ नावाने दोन पायऱ्या खाली दिसतो, पण गेममध्ये त्या जुन्या आय७ला सहज मागे टाकतो. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले जुने संगणक नव्या काचेच्या कॅबिनेटमध्ये बसवून विकले जातात. हिशेब लिहायला, अभ्यासाचे व्हिडिओ बघायला ते चालतील. पण मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, आणि विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे वस्तू घरात येते तीच मागे पडलेली.

ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. "८ जीबी कार्ड" म्हटलं की आपण मान डोलावतो, पण जीबी ही त्याची मेमरी झाली, वेग नव्हे. नाव सारखं असूनही माल वेगळा असतो. आरटीएक्स ३०५० हे कार्ड आधी ८ जीबीचं आलं. २०२४ साली त्याच नावाने ६ जीबीचं आलं आणि त्यात नुसती मेमरीच नव्हे, आतली ताकदही कमी आहे. त्यामुळे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत विचारायचं आणि लिहून घ्यायचं. इंटेलच्या नावातला तो "एफ"सुद्धा महत्त्वाचा. एफ असला की प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड लागतंच.

हे सगळं मुलांना माहीत असतं. जाहिरातीत ज्याचं नावच नसतं त्याकडे मात्र त्यांचंही कधीकधी दुर्लक्ष होतं. माझ्या मते तयार पीसीची खरी किंमत तिथेच कळते.

त्यात पहिला मान एसएमपीएसचा. भिंतीतली २३० व्होल्टची वीज आतल्या भागांना सोसेल अशी करून देणारा हा डबा. पैसे वाचवायचे तर आधी इथेच वाचवतात, कारण तो कॅबिनेटच्या तळाशी झाकलेला असतो आणि त्याला दिवे नसतात. स्वस्त डब्यावर "४५० वॉट" छापलेलं असतं, पण तेवढा भार तो सतत पेलेलच असं नाही. व्होल्टेज वरखाली झालं तर चांगला एसएमपीएस स्वतः बंद पडतो आणि बाकीचे भाग वाचवतो. वाईट असला तर जाताना ग्राफिक्स कार्डही घेऊन जाऊ शकतो. "८० प्लस ब्रॉन्झ" असा शिक्का पाहावा, पण तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. त्यापेक्षा वॉरंटी किती वर्षांची आहे ते विचारावं. पाच वर्षांची म्हणाले तर बनवणाऱ्याला आपल्या मालाचा भरवसा आहे असं समजायला हरकत नाही.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातली गोष्ट सांगते. काउंटरवरचे गृहस्थ माझ्याशीच बोलत होते. "मॅडम, हे मॉडेल सगळ्यात जास्त जातं." माझी लेक काचेला नाक लावून आत बघत होती. तिने विचारलं, "काका, एसएमपीएस कुठला आहे?"

"ब्रँडेड आहे, बेटा."

"हो, पण कुठला ब्रँड?"

"साडेचारशे वॉटचा आहे, काळजी करू नको."

ती थोडी थांबली. मग कापऱ्या आवाजात म्हणाली, "मागचं झाकण काढून दाखवता का?" झाकण निघालं. डब्यावरच्या लेबलावर वॉटचा आकडा ठळक होता, कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. काका शांतपणे म्हणाले, "दुसरा टाकून देतो, थोडे पैसे वाढतील." भांडण नाही, काही नाही. वर्गात हात वर करायला घाबरणारी माझी मुलगी त्या दिवशी दुकानातून ताठ मानेने बाहेर पडली. मला पीसीइतकंच त्याचं अप्रूप वाटलं.

रॅम विचारताना "१६ जीबी" एवढ्यावर थांबू नये. आठ-आठच्या दोन पट्ट्या आहेत की सोळाची एकच? दोन असल्या तर वेग चांगला मिळतो. २०२५च्या अखेरीला रॅमचे भाव भडकले, त्यामुळे सध्या काटकसर इथेही होऊ शकते. एसएसडी कुठल्या कंपनीची, मदरबोर्डचं मॉडेल काय, हेही विचारावं. आणि कॅबिनेटची पुढची बाजू बघावी. सगळी काच असेल आणि हवा शिरायला जाळी नसेल, तर आत रंगीत पंखे कितीही फिरोत, गरम हवाच घुसळली जाते. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात तो पीसी गेम खेळताना तापून मंदावणार.

किंमत रास्त आहे का, हे ठरवायचं काम मुलालाच देऊ या. प्रत्येक भागाची आजची सुटी किंमत शोधायची, बेरीज करायची, त्यात ओरिजिनल विंडोजची किंमत धरायची आणि तयार पीसीच्या भावाशेजारी ठेवायची. तीन-चार हजारांचा फरक आला तर ती जोडणीची, तपासणीची आणि एकाच जागी तक्रार करता येण्याची किंमत आहे. मला ती योग्य वाटते. "सुटे भाग आणून घरी जोडा, स्वस्त पडतं," असं सांगणारे खूप भेटतात, पण रविवारी दुपारी तासभर पाठ टेकायला मिळणं ज्यांना मुश्कील, त्यांनी तयार पीसी घेतला तर त्यात कमीपणा नाही. फरक पंधरा हजारांचा निघाला, तर मात्र कशाचे ते विचारायला हवं.

मोठ्या कंपन्या आपले तयार पीसी घरी येऊन दुरुस्त करून देतात, हा मोठा आधार असतो. पण त्यांतल्या काहींचे मदरबोर्ड आणि एसएमपीएस खास त्यांच्याच मापाचे असतात. पुढे बाजारातला भाग आणून बसवू म्हटलं तर बसत नाही. दोन-तीन वर्षांनी मूल नवं कार्ड मागणारच आहे, तेव्हा हे आधीच विचारलेलं बरं.

बिलावर "गेमिंग पीसी, नग १" एवढंच लिहून देतात, ते घेऊ नका. प्रत्येक भागाचं पूर्ण नाव आणि सिरीयल नंबर लिहून मागा, कारण प्रत्येकाची वॉरंटी वेगळी असते. बॉक्समध्ये सीलबंद येणाऱ्या इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरला साधारण तीन वर्षांची असते. दुकानदार ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. मॉनिटर आणि यूपीएस बजेटमध्ये सुरुवातीलाच धरा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो, चांगल्या कार्डाला तो अपुरा पडू शकतो.

आता आपल्या खऱ्या भीतीकडे येते. पैसे एक वेळ जमवू, पण अभ्यासाचं काय? रात्र रात्र तिथेच बसला तर? ही भीती मलाही आहे. वेळेचं बोलणं खरेदीच्या आधी करावं एवढंच मी सुचवेन, कारण तेव्हा दोघंही खुशीत असतात. आणि त्याचा गेम थोडा समजून घ्यावा. व्हॅलोरंटची मॅच पाच जणांच्या संघाची असते, अर्ध्या-पाऊण तासाची असते आणि मध्येच थांबवता येत नाही. "आत्ताच्या आत्ता बंद कर" म्हणून आपण ओरडतो तेव्हा त्याला चौघांना तोंडघशी पाडून उठावं लागतं. त्याऐवजी "नऊनंतर नवी मॅच सुरू करायची नाही" असं ठरलं तर तो ते पाळायचा प्रयत्न करतो. प्रत्येक वेळी जमत नाही, पण घरातली आदळआपट कमी होते. गेमचं वयाचं रेटिंगही बघून ठेवा. जीटीए ५ ला युरोपात अठराचं रेटिंग आहे आणि सातवीतली मुलं तो सर्रास मागतात. नाही म्हणायचं असेल तर कारण सांगून म्हणावं.

पीसी घरी आला आणि पहिल्याच संध्याकाळी गेम अडकत चालला, तर मुलाचा चेहरा पडेल आणि आपल्यालाही फसल्यासारखं वाटेल. दुकानात फोन करण्याआधी मागे जाऊन बघा. एचडीएमआयची वायर खालच्या बाजूच्या आडव्या पट्टीत, म्हणजे ग्राफिक्स कार्डात लागली आहे ना? वर मदरबोर्डात लागली असेल तर एवढं महागाचं कार्ड नुसतं बसून राहतं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये कधीकधी ६०च असतं, तेही बदलून घ्या. आणि सुट्या भागांची खोकी मिळाली असतील तर वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या, रद्दीवाल्याला देऊ नका.