आधी सत्र संपू द्या, मग लॅपटॉपचं बघा

जून उजाडला की पालकांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न ठरलेला असतो. "मुलीने ॲनिमेशनला प्रवेश घेतलाय. अकरावीत घेतलेला पातळ, हलका लॅपटॉप आहे. तो चालेल की नवा घ्यावा लागेल?" तोवर मुलीने मॉडेल हेरलेलं असतं, दुकानदाराने हप्ता काढून दिलेला असतो आणि घरात त्यावरून दोन दिवस धुसफूस चाललेली असते. माझं उत्तर सरळ आहे. पहिलं सत्र संपेपर्यंत काहीही घेऊ नका.

डिझाइन, उपयोजित कला, ॲनिमेशन, कुठलीही शाखा घ्या. सुरुवातीचा बराच काळ रेखाटन, रंग आणि रचनेत जातो. आयआयटीच्या बी.डेस.साठीच्या 'यूसीड' या प्रवेश परीक्षेतही चित्राचा प्रश्न कागदावरच सोडवावा लागतो. ज्या मुलाचा हात बसलेला नाही, त्याला ग्राफिक्स कार्ड वाचवू शकत नाही.

सत्र सुरू झालं की अंदाज बांधू नका, मोजा. काम करताना मशीन अडकलं की त्याच क्षणी टास्क मॅनेजर उघडा. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर. मेमरी काठोकाठ भरलेली दिसली तर रॅम अपुरी आहे. काही लॅपटॉपमध्ये ती वाढवता येते, पण बऱ्याच पातळ मॉडेलांत ती बोर्डावरच जोडलेली असते. मॅकबुक एअरमध्ये तर नंतर रॅम वाढवताच येत नाही. जागा संपली असेल तर बाहेरून जोडायची एसएसडी पुरते. सुरुवातीला वेगात चालून दहा मिनिटांनी मशीन मंदावत असेल, तर बहुधा उष्णतेचा प्रश्न आहे; पातळ बांध्यात, विशेषतः पंखा नसलेल्या मशीनमध्ये, तो येणारच. फोरके व्हिडिओ अडखळत असेल तर एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी, म्हणजे त्याच चित्रणाच्या हलक्या प्रती करून संकलन करा. आणि स्वस्त लॅपटॉपचा पडदा रंग फिके दाखवतो, म्हणून छापून आलेलं पोस्टर वेगळंच दिसतं. त्यासाठी लॅपटॉप बदलायची गरज नाही, चांगला आयपीएस मॉनिटर जोडा.

थ्रीडी, व्हीएफएक्स, मोठे फोरके प्रकल्प हेच रोजचं काम ठरलं, तर वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि निदान १६ जीबी रॅम लागेल. तेव्हा जरूर घ्या, आणि ते मशीन जड असणार हे धरून चाला. सॉफ्टवेअरची चिंता मात्र नको. २०२५ मध्ये ॲनिमेशनचं ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा 'फ्लो' ब्लेंडरमध्ये बनला, आणि ब्लेंडर सगळ्यांना फुकट आहे.

मला खरी कळकळ आहे ती एका वेगळ्याच कामाची, ज्याबद्दल कुणी विचारत नाही. देवनागरी अक्षररचना, म्हणजे टाइप डिझाइन. त्यासाठी साधा हलका लॅपटॉप भरपूर झाला. फॉन्ट बनवायचं फॉन्टफोर्ज हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि तयार फॉन्टची फाइल सहसा काहीशे केबींची असते. कस लागतो तो डोळ्यांचा. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी छपाईतल्या ल-शपेक्षा वेगळे असतात. 'आचार्यांना'मधला रफार आणि 'आचाऱ्यांना'मधला आडवा र दोन्ही नीट बसवावे लागतात. जोडाक्षरं धरली की एका फॉन्टमध्ये शेकडो आकार होतात, आणि प्रत्येकाची जाडी, उंची, शेजाऱ्यापासूनचं अंतर हाताने जुळवावं लागतं. विंडोजवरचा 'मंगल' र. कृ. जोशींनी घडवला; ते मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवत. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट आज सगळीकडे दिसतात. ॲप, बँका, वर्तमानपत्रं, पाठ्यपुस्तकं, सगळ्यांना चांगली देवनागरी हवी आहे आणि ती मन लावून करणारे थोडे आहेत. सुलेखनात रमणारं मूल घरात असेल तर या वाटेची चौकशी आधी करा.

आता पालकांशी थोडं स्पष्ट बोलतो. कर्ज काढून आणलेला लॅपटॉप मुलाच्या मानेवर बसतो. दुसऱ्या सत्रात त्याला ॲनिमेशनऐवजी छायाचित्रण किंवा चित्रकला आवडू लागली, तरी "एवढे पैसे घातलेत" या वाक्यापुढे तो गप्प बसतो आणि नको त्या विषयात वर्षं काढतो. अशी मुलं माझ्यासमोर येतात तेव्हा त्यांना मशीनबद्दल काहीच विचारायचं नसतं; कोर्स सोडायचा आहे हे घरी कसं सांगायचं, एवढंच त्यांना हवं असतं. आणि शेजारच्या मुलाकडे कोणता लॅपटॉप आहे, हा निकष तर सोडूनच द्या.

तेव्हा आता फी भरा. स्केचबुक, पेन्सिली आणि हवा असेल तर साधा पेन टॅब्लेट घ्या. कॉलेजच्या लॅबमध्ये कोणती मशीन आहेत आणि ती किती वाजेपर्यंत वापरता येतात, हे विभागात जाऊन विचारा. दिवाळीच्या सुट्टीत मुलाचं झालेलं काम समोर ठेवून त्याच्या शिक्षकांशी बोला, आणि लॅपटॉपचा निर्णय त्यानंतर घ्या.