उन्हाळ्यात कोर्टावर जाणार आहेस ना, मग ऐक

परवा काकूचा फोन आला. "पोट्टीनं क्लबच्या टेनिस शिबिरात नाव टाकलं, अशा उन्हात! तूच समजाव तिला." समजाव म्हणजे थांबव, असं तिला म्हणायचं होतं. मी काही तुला थांबवणार नाही. तू नाव टाकलंस हे ऐकून मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पण आपल्या यवतमाळच्या एप्रिल-मेमध्ये टेनिस खेळायचं तर काही गोष्टी आधी माहीत हव्यात, आणि त्या शिबिराच्या पत्रकावर छापलेल्या नसतात.

पहिलं हे ठरवून टाक, की या उन्हाळ्यात तुला कुणाला हरवून दाखवायचं नाहीये. जुलैत शाळा आणि क्लास सुरू झाले की तेव्हाही तुला कोर्टावर जावंसं वाटलं पाहिजे, एवढंच या दोन महिन्यांचं काम. मी दरवर्षी बघते. मेमध्ये जाळीबाहेर सायकली लावायला जागा नसते आणि पोळ्यापर्यंत मोजक्याच पोरी उरतात. मुलं बऱ्यापैकी टिकतात, मुली गळतात. एखादीला पहिल्याच आठवड्यात ऊन लागतं, एखादीचा खांदा धरतो, आणि बऱ्याच जणी तर शिबिर संपल्यावर खेळायला जोडीदारच नाही म्हणून घरी बसतात. यातलं काहीही तुझ्या बाबतीत होऊ द्यायचं नाही.

वेळ पहाटेचीच धर. मेमध्ये साडेपाचला चेंडू दिसण्याइतकं उजाडलेलं असतं. आठच्या आत बॅग आवरायची, मग खेळ कितीही रंगात आलेला असो. संध्याकाळची बॅच मिळाली तर सूर्य कलला म्हणून फसू नकोस. सिमेंटचं कोर्ट दिवसभर तापलेलं असतं आणि सहा वाजताही बुटाच्या तळातून चटका देतं. साडेसहाच्या पुढे, दिव्यांच्या उजेडात खेळायला मिळत असेल तरच संध्याकाळ घे. मुरमाचं कोर्ट पाणी मारलं की लवकर निवतं, पण आपल्या गावात उन्हाळ्यात पाणी मारा म्हणून हट्ट कुणी धरावा? २०१८ साली निळोणा आणि चापडोह आटले तेव्हा अख्खं यवतमाळ टँकरमागे धावत होतं, ते तुलाही आठवत असेल. कोरड्या मुरमावर वरची रेती पायाखालून सरकते, म्हणून चेंडूपाशी पोचायच्या आधीच पावलं बारीक कर. घोटे तिथेच मुरगळतात.

आता उन्हाचं. हे मी जरा दटावूनच सांगणार आहे. शरीराला उन्हात मेहनत करायची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिला आठवडा बाकीच्यांच्या निम्मंच खेळ, कुणी आळशी म्हटलं तरी. उपाशी पोटी जायचं नाही, एखादं केळं किंवा दोन-चार खजूर खाऊन निघ. पाणी तहान लागायच्या आधीपासून घोट-घोट पीत राहा. घाम खूप येतो त्या दिवशी नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात कालवून ने, नाहीतर घरचं मीठ घातलेलं ताक किंवा कैरीचं पन्हं ने. खिशात कांदा ठेवायला आजी सांगेल, तर ठेव, तिचं मन राहतं. पण कांद्याच्या भरवशावर पाणी कमी पिऊ नकोस.

आणि खुणा ओळखायला शीक. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, एवढ्या उन्हात अंगावर काटा आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, की त्याच क्षणी थांबायचं. गेम पूर्ण करून थांबते, असं नाही. सावलीत बसायचं आणि ओला दुपट्टा मानेवर, काखेत धरायचा. सोबतची कुणी असंबद्ध बोलायला लागली, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तिच्या अंगावर पाणी ओतत राहायचं आणि १०८ला फोन करून तिला दवाखान्यात न्यायचं. वाट बघत बसायचं नाही. नवतपा सुरू झाला की मी तर म्हणेन ते नऊ दिवस नुसती भिंतीवर पंधरा मिनिटं प्रॅक्टिस कर आणि घरी ये. त्यात कमीपणा नाही. जगातले मोठे खेळाडूसुद्धा उष्णतेचे नियम पाळतात. विम्बल्डनसारख्या थंड हवेच्या गावातही ऊन फार झालं की सामन्यात दहा मिनिटांची विश्रांती देतात.

जोडीदाराची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सकाळी पहिल्या कोर्टावर कोण असतं तुला ठाऊक आहे. डॉक्टर काका, वकील काका, बँकेतून निवृत्त झालेले एक, आणि एखादे साहेब. वर्षानुवर्षं त्यांची डबल्सची चौकडी ठरलेली. शिबिरातल्या पोरी त्यांना घाबरतात, दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन आपसात खिदळत बसतात. तू तसं करू नकोस. लग्नसराई असते, कुणी ना कुणी गावाला जातंच, आणि मग त्यांना चौथा गडी हवा असतो. वेळेच्या आधी दहा मिनिटं जा, बूट घालून, रॅकेट हातात घेऊन जाळीपाशी उभी राहा आणि सरळ विचार, "काका, आज चौथं कुणी नसेल तर मी येऊ का?" पहिले दोन दिवस "अगं बेटा, तू कोचकडे खेळ" म्हणतील. तिसऱ्या दिवशी घेतील.

त्यांच्याकडून जे शिकायला मिळतं ते शिबिरात मिळत नाही. साठी ओलांडलेले काका धावत नाहीत गं, ते आधीच योग्य जागी उभे असतात. तू जीव काढून मारलेला चेंडू ते हलकेच कापून नेटजवळ टाकतात, तू धावत पुढे आलीस की डोक्यावरून उंच उचलतात. तू चिडशील. चिडण्यापेक्षा त्यांची रॅकेट चेंडूला लागायच्या आधी त्यांचे खांदे कुठे वळले ते बघ. महिनाभर असं खेळलीस तर तुझ्या वयाच्या कुठल्याही जोरकस खेळणाऱ्या पोरीसमोर तू गांगरणार नाहीस. शिवाय शिबिर संपल्यावर तुला कोर्टावर ओळखणारी चार माणसं असतील. जुलैत तेच विचारतील, "पोरगी दिसत नाही हल्ली?"

त्यांच्यात खेळायचं तर कोर्टाची रीत पाळावी लागते. रॅली चालू असताना कुणाच्या मागून चालत जायचं नाही, पॉइंट संपेपर्यंत थांबायचं. शेजारच्या कोर्टाचा चेंडू आला तर त्यांचं लक्ष आहे ना हे बघून एका टप्प्यात हातात जाईल असा द्यायचा. पंच नसतो तेव्हा आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर ते आपणच सांगायचं, आणि शंका असेल तर तो आत. समोरच्याला फायदा गेला तरी चालेल. मार्करदादा दिवसभर उन्हात रोलर ओढतात, चुन्याच्या रेघा मारतात. त्यांना नमस्कार केल्याशिवाय कोर्टात शिरू नकोस.

खेळातलं म्हणशील तर या दोन महिन्यांत सर्व्हिसच धर. सर्व्हिस हा एकच फटका असा, की त्यात समोरच्याचा चेंडू नसतो, सगळं तुझ्या हातात असतं. आणि तरी शिबिरात त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं, कारण पोरांना जोरात फोरहँड मारायचा असतो. पकड हातोडी धरतात तशी धर. आठवडाभर अवघडल्यासारखं होईल, मनगट कुरकुरेल, तरी सोडू नकोस. मग चेंडू उडवायचा सराव, आणि हा घरी गच्चीवरही होतो. रेषेमागे नेहमीसारखी उभी राहा, रॅकेट जमिनीवर ठेव, तिची जाळी तुझ्या पुढच्या पायाच्या किंचित पुढे आणि जरा उजवीकडे येईल अशी. आता डावा हात सरळ ठेवून, बोटांनी न फिरवता, चेंडू वर सोड आणि हात तसाच वर राहू दे. मारायचा नाही, पडू द्यायचा. तो रॅकेटच्या तारांवरच पडला पाहिजे. सुरुवातीला तो कधी डोक्यामागे जाईल, कधी शेजारच्यांच्या अंगणात. दहातले सात तारांवर पडायला लागले की मग रॅकेट उचल. मेअखेरीला संध्याकाळी वावटळ सुटते तेव्हा चेंडू उडवणं बिघडतं, त्या वेळी चेंडू कमी उंच उडव, आणि वाईट उडाला तर खुशाल हातात झेलून पुन्हा उडव. नियमात बसतं ते. एका दिवसात पन्नासच्या वर जोरदार सर्व्हिस मारू नकोस. तुझं वय वाढीचं आहे, खांदा याच वयात धरतो.

रॅकेटचं थोडक्यात सांगते. तुझी उंची बघता सत्तावीस इंचीच घे, वजनाला हलकी, आणि कुणाची वापरलेली मिळाली तर आणखी चांगलं. गटिंग, म्हणजे तारा, कडक करू नकोस, कोपर दुखतं. आणि रॅकेट स्कूटीच्या डिकीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवायची नाही, तारा सैल पडतात. धाकट्या भावाला न्यायचं म्हणत होतीस ना, त्याला मोठ्यांचा पिवळा चेंडू देऊ नकोस. त्याच्या वयाला लाल किंवा नारिंगी चेंडू असतात, ते सावकाश येतात, टप्पा कमी घेतात. मग पोरगं रडत नाही.

दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायचं नाही, हे काकूचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. पण दुपार वाया घालवू नकोस. आपला नवतपा आणि पॅरिसची फ्रेंच ओपन साधारण एकाच सुमाराला येतात, आणि तिथले सामने आपल्याकडे दुपारी अडीचच्या आसपास सुरू होतात. कूलर लाव आणि बघ. मात्र चेंडूमागे मान हलवत बसू नकोस. एक गेमभर एकाच बाईच्या पायांकडे बघ. समोरची चेंडू मारायच्या क्षणी ती जागेवरच छोटीशी उडी घेते, दिसेल तुला. तीच उडी दुसऱ्या दिवशी पहाटे करून बघ.

आता बायकांचं बोलणं. काळी पडशील, हात राठ होतील, एवढ्या तोकड्या कपड्यांत, आणि पुढे काय करायचंय खेळून. तू उत्तरं देत बसू नकोस, तेवढी माहिती मात्र जवळ ठेव. विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री लीला राव, मुंबईची, साल १९३४. तिची आई पंडिता क्षमाबाई राव, संस्कृतात लिहिणारी मोठी विदुषी, आणि स्वतःही टेनिस खेळणारी. नव्वद वर्षांपूर्वी मराठी घरातल्या मायलेकी हा खेळ खेळत होत्या. आणि आपल्या काळातली ऋतुजा भोसले. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात उतरली. पहिला सेट २-६ असा गेला. दुसरा ६-३ घेतला, आणि निर्णायक टायब्रेक १०-४. सुवर्णपदक! तो सामना शोधून बघच. पहिला सेट गेल्यावर तिचा चेहरा कसा आहे ते बघ.

कपड्यांचं म्हणशील तर स्कर्टच हवा असं काही नाही. गुडघ्यापर्यंतची गडद शॉर्ट चालते, आणि पूर्ण बाह्यांचा पातळ टी-शर्ट उन्हासाठी बरा. सोबत एक कोरडा टी-शर्ट ठेव. पाळीच्या दिवसांत खेळायला काही हरकत नाही, बरं वाटत असेल तर खुशाल खेळ, पोटात दुखत असेल तर त्या दिवशी घरी राहा, आणि कोचला "बरं नाही" एवढं सांगितलं तरी पुरे. एक अजून. पकड सुधारताना कोच हाताला धरून दाखवतात, ते साहजिक आहे. पण कुणाच्याही स्पर्शानं, बोलण्यानं, मेसेजनं तुला अवघडल्यासारखं झालं तर त्याच दिवशी मला सांगायचं. कोच कितीही मोठा असो, क्लब कुणाचाही असो. मी तुझ्यावर अविश्वास दाखवणार नाही आणि तुझा खेळही बंद करू देणार नाही. पहाटे जाताना मैत्रिणीला सोबत घेऊनच निघ.

मग येतो जून. आपल्या विदर्भात शाळा उशिरा उघडतात, म्हणून तुला इतरांपेक्षा थोडे जास्त दिवस मिळतात. त्यांतच एक काम उरक. क्लासची बॅच घ्यायच्या आधी कोर्टाची वेळ ठरव, नंतर नव्हे. एकदा क्लासची वेळ ठरली की टेनिसला फक्त उरलेला वेळ मिळतो आणि दहावीच्या वर्षी उरलेला वेळ नावाची गोष्टच नसते. आठवड्यातून तीन सकाळी पुष्कळ झाल्या. तुझ्या बाबांशी मी बोलते. शालेय स्पर्धांत लॉन टेनिस आहे, जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य अशा त्या चढत जातात, आणि खेळाडूंना दहावीला सवलतीचे गुणही असतात, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकलेलं बरं पडेल. शाळेतल्या पीटीच्या सरांना मात्र तू स्वतः जाऊन भेट, जूनमध्येच, कारण नावं पाठवायची तारीख निघून गेल्यावर कुणी काही करू शकत नाही.

पाऊस लागला की मुरमाचं कोर्ट आठ-आठ दिवस बंद राहील. तेव्हा पोर्चमध्ये दोरीच्या उड्या मार, गच्चीवर तोच चेंडू उडवायचा सराव कर आणि उघडीप मिळाली की आधी कोर्टावरच्या काकांना फोन लाव, कोर्ट वाळलं का म्हणून. त्यांनाही कुणीतरी विचारणारं हवंच असतं. रविवारी मी येतेय तिकडे, माझी जुनी रॅकेट घेऊन. साडेपाचला तयार राहा, परतताना तर्री-पोहे माझ्याकडून.