एक बेल थांबायची

आषाढात तुकोबांची पालखी आमच्या बावड्यावरून सराटीला जाते. तिथं पादुकांना नीरास्नान असतं. एसटीत कंडक्टर होतो तोवर ड्युटीमुळं ते कित्येकदा हुकलं. गेल्या वर्षी हुकलं ते मोबाइलमुळं.

32 वर्षं चालत्या गाडीत उभं राहून दोन्ही गुडघे झिजले. नातवानं पावलं मोजणारं ॲप घालून दिलं. रोज 10,000 पावलं. झाली की पडद्यावर फटाके, सलग दिवसांची माळ आणि पुण्यातल्या पुतण्यांबरोबर नंबर. ‘आबा, आज तुम्ही तिसरे!’ म्हटलं की मूठभर मांस चढायचं. पहिले पंधरा दिवस दुखणं विसरलो, हे कबूल. मन गुंतलं की वेदना कमी जाणवते. अमेरिकेत भाजलेल्या रुग्णांची मलमपट्टी करताना त्यांना बर्फाच्या दुनियेतला खेळ दाखवतात, तो याचसाठी. पण विसरलेला गुडघा बरा झालेला नसतो.

अठराव्या रात्री साडेनऊला 1,300 पावलं कमी पडली. माळ तुटू नये म्हणून अंधारात अंगणातच फेऱ्या मारल्या. फटाके उडाले. पहाटे गुडघा एवढा सुजला की पायजमा वर सरकेना. पालखी आली तेव्हा मी खाटेवर.

फिजिओथेरपीच्या बाईंनी आधी तो आकडाच खोडला. 10,000 हे 1965 साली जपानात विकायला काढलेल्या पावलंमोजणीच्या यंत्राचं नाव! 2019 मध्ये अमेरिकेत वयस्क बायकांचा अभ्यास झाला. त्यात 2,700 पावलांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले आणि 7,500 च्या पुढं जादा फायदा दिसला नाही. तो हिशेब आयुष्याचा. गुडघ्याचा ज्याचा त्यानं करायचा.

आता माझा खेळ दोन वाट्या आणि दहा चिंचोक्यांचा. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन पाच आकडे दाबून धरायची, असं दहादा झालं की एक चिंचोका पलीकडच्या वाटीत. खुर्चीतून पाचदा उठलो की एक. दहा मिनिटं चाललो की एक. आणि चार चिंचोके नुसतं पाय लांब करून बसण्याचे! गाडीत एक बेल थांबायची, दोन निघायच्या. ॲपला दोनच बेल येत होत्या. अंग हलकं वाटतं त्या दिवशीही अकरावा चिंचोका नाही. घात तिथंच होतो. सुरुवात वाईट दिवशी जेवढं जमतं तेवढ्यावर करा. सकाळी वेबिल भरल्यासारखं वहीत दुखणं लिहा, शून्य ते दहा. कालपेक्षा दोननं वाढलं तर त्या दिवशी निम्मंच. तरण्या पोरांशी पैज मुळीच नको. सूज गरम लागली, ताप आला किंवा पाय बधिर झाला तर वाट्या बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

यंदा सराटीला रिक्षानं गेलो. घडीची खुर्ची टाकून नीरास्नान डोळे भरून पाहिलं. त्या दिवशी चालण्याचा चिंचोका एकच पडला.