यमक जुळलं, कागद कुठंय?

रॅप करणारा पोरगा म्युझिक लेबलच्या ऑफिसात खुर्चीवर बसला की दोन्हीकडून बोलणी खातो. गल्लीतले म्हणतात, विकला गेला. ऑफिसातले म्हणतात, ह्याला एक्सेल उघडता येतं का ते बघा आधी. मी दोन्ही ऐकून घेतलंय. परळच्या चाळीत वाढलो, मराठीत रॅप केला, आसपासच्या चार गल्ल्यांत नाव झालं, मग एका कंपनीत नवे आर्टिस्ट शोधायच्या कामाला लागलो. आता करार माझ्या टेबलावरून जातात. त्यातून जे उमगलं ते आकडे टाकून लिहितोय, कारण आमच्या धंद्यातली माणसं सलग लांब वाचत नाहीत.

१. हा रस्ता आपल्या आधी कुणी चाललाच नाही, असं समजू नये.

रॅपर जे-झीचा दाखला सगळेच देतात. २००४ साली तो डेफ जॅम ह्या लेबलचा अध्यक्ष म्हणून नेमला गेला आणि त्याच्या कारकिर्दीत रिहाना तिथे आली. खरंय. पण मला त्याच्यापेक्षा जी. एन. जोशी जवळचे वाटतात. विदर्भातून आलेला, वकिली शिकलेला हा गायक. ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता त्यांनी रेकॉर्डवर गायली आणि मराठी भावगीत घराघरांत गेलं. तेच जोशी पुढे मुंबईत एचएमव्हीत अधिकारी झाले आणि कित्येक वर्षं दुसऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित करत राहिले. बडे गुलाम अली खाँसारख्या गवयाला माइकसमोर बसवायचं, तेही घड्याळ लावून, हे नुसत्या मॅनेजरचं काम नव्हे. स्वतः गाणाऱ्यालाच कळतं की समोरचा कुठे अडलाय, आणि आता त्याला बोलायचं की गप्प राहून चहा मागवायचा.

१९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही त्यांचीच निर्मिती. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा. संतूर, बासरी, गिटार, आणि एका मेंढपाळाचा दिवस रागांतून सांगायचा. आजच्या मीटिंगमध्ये ही कल्पना मांडली तर पहिला प्रश्न येईल, ‘रील कुठली बनणार?’

२. लेबल काढणं म्हणजे लोगो काढणं नव्हे.

रॅपर डिव्हाइन, म्हणजे विवियन फर्नांडिस, हा अंधेरीचा. आमच्या पट्ट्यातला नाही, तरी मुंबईतला खुर्चीचा धडा त्याच्याकडेच बघून घ्यावा लागतो. २०१३ मध्ये ‘ये मेरा बॉम्बे’, २०१५ मध्ये नेझीबरोबर ‘मेरे गली में’. ह्या दुसऱ्या गाण्याच्या वेळी पाठीशी मोठी कंपनी होती. २०१९ साली त्याने गली गँग हे स्वतःचं लेबल उभं केलं. ‘गली बॉय’ सिनेमा आला त्याच वर्षी. त्याच वर्षी युनिव्हर्सलच्या साथीने मास अपील इंडिया हे लेबल सुरू झालं, डिव्हाइन तिथला पहिला आर्टिस्ट, आणि ‘कोहिनूर’ अल्बमही तेव्हाचाच. पोरांना ह्यातली गाडी दिसते, घड्याळ दिसतं. मला दिसते ती वाटणी: स्वतःचं घर वेगळं ठेवायचं आणि माल जगभर पोचवायला मोठ्याचा हात धरायचा. सगळं स्वतः करीन म्हणणारे चार गाण्यांत दमतात. सगळं दुसऱ्यावर टाकणाऱ्यांचं काय होतं ते तिसऱ्या मुद्द्यात.

३. आवाज तुझा असला तरी रेकॉर्डिंग तुझं असेलच असं नाही.

ह्यावर मी सर्वांत जास्त बोलतो, तेव्हा थोडं थांबून वाचा.

एका गाण्यात निदान दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे लिहिलेले शब्द आणि रचलेलं संगीत. दुसरी म्हणजे त्याचं केलेलं ध्वनिमुद्रण, ज्याला आम्ही मास्टर म्हणतो. करारावर सही करताना पोरगा समजतो की ‘गाणं दिलं’. कुठलं दिलं? मास्टर कंपनीला दिलास तर शब्दांचं काय? २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तर वगैरेंनी त्यासाठी बराच आवाज उठवला होता. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा सहजी लिहून घेता येत नाही. रॅपर हा बहुतेकदा स्वतःच गीतकार असतो, आणि तेच तो विसरतो. ‘मी आर्टिस्ट आहे’ म्हणतो. अरे, तू कवी आहेस, आणि कवीच्या पैशाची वेगळी खिडकी आहे. आयपीआरएस ही त्यासाठीचीच संस्था, १९६९ पासूनची. सभासद हो, प्रत्येक गाण्याची नोंद कर.

त्याच कायद्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर ती ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून कंपनीचे वकील ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ हे शब्द कधी विसरत नाहीत. विश्व! मंगळावर कोण लालबागचा रॅप ऐकणार आहे ते मला ठाऊक नाही, पण हक्क आमच्याकडे आहेत.

माझे आजोबा कापडगिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा जे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यांतले एक. साचा त्यांना स्वतःच्या हातासारखा पाठ होता, पण तो त्यांचा नव्हता. जमीन तर नव्हतीच. ज्या कंपाउंडात भोंगा वाजायचा तिथे आता काचेची ऑफिसं आहेत, आणि त्यांतल्याच एका ऑफिसात बसून मी विशीतल्या पोराला विचारतो, ‘मास्टर कोणाचा, ते वाचलंस का?’ पगार मला कंपनी देते. तरीही हे विचारतो, कारण समजून सही केलेला आर्टिस्ट दोन वर्षांनी इन्स्टाग्रामवर आमच्या नावाने शिमगा करत नाही. ह्यात कंपनीचाही फायदा आहे, हे मी वरिष्ठांना पटवू शकलोय.

४. ॲडव्हान्स ही उचल आहे.

समजा २ लाख ॲडव्हान्स मिळाला आणि तुझा हिस्सा २० टक्के ठरला. गाण्याने २ लाख कमावले की हिशेब फिटला, असं पोरांना वाटतं. तसं नसतं. ती उचल तुझ्या हिश्शातून वळती होते. म्हणजे गाण्याने १० लाख आणले की तुझे २ लाख फिटणार. त्यावर ३ लाखांचा व्हिडिओ केला आणि तो खर्चही तुझ्याच हिश्शातून कापायचा असं कलम असेल, तर २५ लाख येईपर्यंत तुझ्या खात्यात शून्य. व्हिडिओत ड्रोन हवाच, असा हट्ट धरणाऱ्याला मी हे गणित कागदावर करून दाखवतो. ड्रोन बहुतेकदा उतरतो.

५. बीट कुठून आणलंस?

यूट्यूबवरून उतरवलेलं बीट भाड्याचं असतं. तेच बीट पन्नास जणांनी भाड्याने घेतलेलं असू शकतं, आणि भाड्यालाही अटी असतात: इतक्याच स्ट्रीम, इतकीच विक्री. गाणं चाललं की बीटवाला दारात उभा राहतो. चांगली चांगली गाणी मला ह्या एका कारणावरून परत पाठवावी लागली. त्यापेक्षा शेजारच्या इमारतीत लॅपटॉपवर बीट बनवणारा पोरगा शोधा. लालबाग-परळात ढोलताशाचा आणि बेंजोचा कान असलेली पोरं कमी नाहीत. आणि पहिल्याच दिवशी कोणाचे किती टक्के ते लिहून दोघांनी सह्या करा. मैत्री आहे म्हणून टाळतात. मैत्री आहे म्हणूनच करायचं.

६. मराठीची बाजू मीटिंगमध्ये रागाने मांडू नये.

‘हिंदीत होईल का?’ हा प्रश्न दर मीटिंगला येतो. पूर्वी मी तापायचो. आता गाणी लावतो. स्वदेशी ह्या रॅप गटाच्या पोरांनी २०१९ मध्ये प्रकाश भोईरांना सोबत घेऊन आरेच्या जंगलासाठी ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, ते ऐकवतो. अमरावतीचा रॅपर हंड्रेड आरबीएच वऱ्हाडीत बोलतो, तो ऐकवतो. शब्द न कळणाऱ्याचीही मान हलते, आणि मान हलली की मग बजेटचं बोलता येतं.

मात्र दुसरं टोकही मला चालत नाही. प्रसिद्धीपत्रकात कुणी ‘आजचा शाहीर’ लिहिलं की मी ते खोडतो. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं. ते गात होते ती समोरच्या कामगारांच्या लढ्याची गाणी. आमच्या पोराने स्वतःच्या बुटांवर एक गाणं केलंय, छान केलंय. पण बूट ते बूट.

७. मित्राला नाही म्हणायचं असेल तर फोनवर म्हणा, मेसेजवर नको.

आणि त्याच दिवशी म्हणा.

८. कान ऑफिसात सुस्त होतो.

डॅशबोर्डवर कालचे आकडे दिसतात, उद्याचा पोरगा दिसत नाही. एके काळी मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग हा संगीताचा क्लब होता, २००७ ते २०१६. आवाज अप्रतिम. पण आमच्या गल्लीतल्या पोरांना तिथलं पाणीसुद्धा परवडलं नसतं. ती पोरं दिसतात सार्वजनिक गणपतीच्या स्टेजवर, नाच आणि हळदीकुंकवाच्या मध्ये मिळालेल्या पाच मिनिटांत. माइक शिट्टी मारत असतो, मंडळाचा कार्यकर्ता ‘आटप’ म्हणून खुणावत असतो, पुढच्या रांगेतल्या काकू कंटाळलेल्या असतात. त्या काकूंनी मान वर करून बघितलं की मी पोराचा नंबर घेतो. आमच्याकडे ह्याहून भरवशाची चाचणी नाही.

९. वारस लिहून ठेवायला सांगा.

स्वदेशीचा एमसी तोडफोड मार्च २०२२ मध्ये गेला, वय २४. त्यानंतर मी हा मुद्दा यादीत घातला. विशीतल्या माणसाला मरणाचं बोललेलं आवडत नाही, हसण्यावारी नेतो. पण लिहिलेल्या शब्दांचा कॉपीराइट कवीच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो, आणि तो पैसा कुणाच्या तरी खात्यात जायला हवा. बहुतेक जण आईचं नाव सांगतात. मग मी म्हणतो, आधारवर आणि पासबुकात आईचं नाव सारखं आहे का ते घरी जाऊन बघ. एकीकडे माहेरचं, एकीकडे सासरचं, असं हमखास निघतं. ते दुरुस्त करून ये, सही पुढच्या आठवड्यात करू.