तारुण्यपीटिका : मलम निवडताना

आंब्याचा हंगाम सुरू झाला की माझ्याकडे येणाऱ्या आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, हिचे आंबे बंद करू का?" आंबा उष्ण, म्हणून चेहऱ्यावर मुरुमे उठतात, असा आपल्या रत्नागिरीकडे पक्का समज आहे. तो सिद्ध झालेला नाही. देठाचा चीक लागून ओठांच्या कडेला जे खाजरे पुरळ येते, ते निराळे. ती चिकाची अॅलर्जी होय, तिला मुरुमांचे मलम लावू नये. हापूस धुऊन, देठाकडचा भाग काढून खुशाल खावा.

वयात येताना हार्मोन्समुळे त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. मृत पेशींमुळे केसाच्या मुळाशी असलेले छिद्र बुजते, तेल आत तुंबते, तेथे नेहमीच राहणारे जंतू वाढतात आणि मग लाली व पू येतो. मुळात तक्रार छिद्र बुजण्याची आहे. दिवसातून दहा वेळा साबण चोळून ते उघडत नाही, उलट त्वचा सोलवटते. लिंबाचा रस आणि टूथपेस्ट यांनीही तेच होते. रात्री डोक्याला खोबरेल चोपडून झोपणाऱ्यांच्या कपाळावर मुरुमे जास्त दिसतात. तेल लावायचेच तर न्हाण्याआधी तासभर लावावे.

आता मलमांकडे वळू. बुजलेले छिद्र मोकळे करणारे मुख्य औषध अॅडापॅलीन. ते 0.1 टक्क्याच्या जेलमध्ये मिळते. रात्री चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा झाल्यावर, वाटाण्याएवढे जेल सबंध चेहऱ्यावर पातळ पसरावे. नुसत्या फोडावर टिपका ठेवू नये, कारण उद्याचा फोड आज न दिसणाऱ्या जागी तयार होत असतो. पहिले दोन-तीन आठवडे कातडी सुटते, थोडी जळजळ होते. तेव्हा एक दिवसाआड लावावे. गरोदरपणात किंवा दिवस राहण्याची शक्यता असताना हे वापरू नये.

लाल, पू भरलेल्या फोडांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड चांगले. 2.5 टक्क्यांचे जेल 10 टक्क्यांच्या बरोबरीने काम करते आणि जळजळ कमी करते, म्हणून जास्त आकडा पाहून ट्यूब घेण्यात शहाणपण नाही. हे औषध कपड्यांचा रंग उडवते. टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढराच ठेवा, नाहीतर घरात भांडण ठरलेले! क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक मलम एकटेच महिनोन्‌महिने लावले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. ते बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच वापरावे.

कोणतेही मलम आठ ते बारा आठवडे नियमाने लावल्याशिवाय गुणावगुण ठरवू नये. आठ दिवसांत फरक नाही म्हणून औषध बदलणारे रुग्ण मी रोज पाहतो. आणि नेमके येथेच खरे संकट येते. आठ दिवसांत चेहरा गुळगुळीत आणि उजळ करणारी मलमे दुकानात मिळतात आणि मैत्रिणी ती एकमेकींना सुचवतात. त्यांत बहुधा स्टिरॉइड असते.

बी.कॉम.ला शिकणारी एक मुलगी मुरुमांसाठी असे मलम आठ महिने लावत होती. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी कौतुक केले. पुढे गाल सतत लाल, कातडी पातळ, उन्हात गेले की आग, हनुवटीवर लव आणि मलम दोन दिवस थांबवले की पहिल्यापेक्षा दुप्पट फोड, अशी तिची अवस्था झाली. म्हणून ती पुन्हा तेच मलम लावी. घरात लग्नाची बोलणी चाललेली, त्यामुळे थांबायची हिंमत होईना. त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते मलम सुटून चेहरा सावरायला वर्ष गेले.

2018 साली केंद्र सरकारने स्टिरॉइड असलेल्या 14 प्रकारच्या मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. तरीही ट्यूबवरची बारीक अक्षरे आपणच वाचावीत हे बरे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एक जरी नाव दिसले तरी ते मलम मुरुमांसाठी चेहऱ्याला लावू नये. पूर्वीपासून लावत असाल तर ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा.

खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडू लागले असतील, तर मलमांवर वेळ घालवू नये. पोटातून घ्यायची औषधे लागतात आणि ती त्वचारोगतज्ज्ञांनीच द्यावीत. मुलीची पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केसही येत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवावे. तेथे चेहऱ्याआधी हार्मोन्सची तपासणी करावी लागते.